घराण्याची खिंड

निर्मळ,
नोव्हेंबर अखेर

चि. फर्डिनंड यास,

तुझ्या मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. (तू पासष्टीला आलास आणि हात ठेवायला डोक्यावर केस उरलेले नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी आशीर्वाद मी तुला विचारून देणार नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? मीराची साखर आटोक्यात आहे, की तुमच्या नाशिकला अजून चहाचा पाक करायची पद्धत आहे? नातवंडं बरी असतीलच. त्यांचे फोटो मी पाहते, पण अंगठा दाखवत नाही, कारण तूही माझ्या फोटोंना दाखवत नाहीस. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते: सर्व क्षेम आहे. आता जे खरं आहे ते लिहिते.

पाकीट पाहून तू आधी घाबरला असशील. आपल्या घरात पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. (माझ्या नवऱ्याची, सेबेस्टियनची, भूक बघता तो आपल्या सगळ्यांना पोचवून, जेवून, मग सावकाश निघेल.) पत्र अशासाठी की फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर तू वाचायच्या आत ते निर्मळच्या नाक्यावर वाचलं जातं. मध्यंतरी मी आपल्या घरच्या ग्रुपवर नुसतं विचारलं, की कोणाचे दात हलतात का, तर संध्याकाळपर्यंत तीन घरांतून लवंगा आल्या आणि एका घरातून दातांच्या डॉक्टरऐवजी मांत्रिकाचा नंबर. तेव्हा हे पत्र तू एकट्याने वाच आणि वाचून झाल्यावर मीराला दे, कारण नाही दिलंस तरी ती घेणारच. आपल्या डेरिकच्या मुलाच्या, रायनच्या, लग्नापासून तुझ्यामाझ्यात जे काही आहे, ते तात्पुरतं बाजूला ठेव. मीही ठेवलं आहे. (कुठे ठेवलं आहे ते मला माहीत आहे. लागलं तर काढता येईल.)

विषय आपल्या खिंडीचा आहे. तुला आठवत असेलच, पण नाशिकचं पाणी पिऊन विसरला असशील म्हणून पुन्हा सांगते. आजोबांच्या वरच्या, समोरच्या दोन दातांमध्ये फट होती. तीच बाबांना, तीच मला, तीच तुला. बाबा तिला खिंड म्हणायचे. (मधल्या डेरिकला नव्हती. त्याचे दात आईसारखे, शिस्तीत, आणि स्वभावही तसाच. देव त्याला शांती देवो. कॅथरीनशी इतकी वर्षं संसार केल्यावर त्याला तिची सवय व्हायला वेळ लागत असेल.) त्या खिंडीतून, तोंडात बोटं न घालता, जी शिट्टी निघायची ती केळीच्या बागेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची आणि रहाटाचा बैल जागीच थांबायचा. आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात, नवरीच्या नाहीतर नवऱ्याच्या आंघोळीचं, तेव्हा बाकी गावात बँडवाल्याला हाताने खूण करतात, आपल्या घरी शिट्टीने करतात. घरातल्या सगळ्यात मोठ्या खिंडवाल्याने विहिरीच्या काठावर उभं राहायचं, मान वर करायची आणि एक लांब शिट्टी मारायची. ज्याचं लग्न त्याला ती मांडवात बसून ऐकू गेली पाहिजे. मग बँड, मग कळशी. शिट्टीआधी कळशी पाण्याला लावायची नाही. हे सगळं कशामुळे सुरू झालं, तर आजोबांच्या लग्नात बँडवाले ताडी पिऊन विहिरीपाशी आडवे झाले होते आणि आजोबांनी त्यांना शिट्टी मारून उठवलं. बस, एवढंच. पण पुढे त्यात पवित्रपणा शिरला, तसा तो कशातही शिरतो, थोडा वेळ द्यावा लागतो.

या शिट्टीपायी कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियरने मला व्हरांड्यात किती वेळा उभं केलं ते तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा चड्डी सांभाळत फिरत होतास. शिट्टी मारणाऱ्या मुलीचं लग्न होत नाही, असं ती म्हणायची. झालं. सेबेस्टियनशी झालं. ती आज असती तर म्हणाली असती, बघ, मी तुला हेच सांगत होते. पुढे टेलिफोन खात्यात मी सुपरवायझर झाले तेव्हा दुपारी जेवणानंतर बोर्डासमोर पेंगणारी मुलींची अख्खी रांग मी एका शिट्टीत सरळ करायचे. सांगायचा मुद्दा, ही शिट्टी माझी नोकरी, माझा मान आणि माझी ओळख आहे, आणि रायनच्या लग्नात तू माझ्याआधी ओठ पुढे केलेस म्हणून जे झालं ते झालं. (लोक म्हणतात मी तुला चापट मारली. मी फक्त तुझं तोंड बाजूला सारलं. त्यात आवाज झाला, त्याला मी काय करणार?) तू न जेवता तावातावाने नाशिकला गेलास. तुझ्या वाटचं मटण वाया गेलं नाही, एवढं कळवते. सेबेस्टियन होता.

आता जेनिफरचं लग्न ठरलं आहे, डेरिकच्या लेकीचं. नाताळ आटोपला की जानेवारीत. मुलगा पाचूबंदरचा, जॅक्सन नावाचा, घरच्या होड्या आहेत, स्वभावाने गरीब. (लग्नानंतर जेनिफर तिकडे जाणार आहे, तो कॅथरीनकडे येणार नाही, त्यामुळे तसाच राहील.) साखरपुड्याच्या जेवणात त्याच्या आईने कौतुकाने विचारलं की तुमच्याकडे काहीतरी शिट्टीची पद्धत आहे म्हणे. आपली भावजय अशा संधीची वाटच बघत असते. म्हणाली, "आहे तर. आमच्या नणंदबाईंची मक्तेदारी आहे ती. बाय, दाखवा ना जरा." मी घास गिळला, जीभ ठरल्या जागी नेली आणि फुंकलं.

फर्डिनंड, शिट्टी आली नाही. आला तो वारा, आणि वाऱ्यासोबत पुलावाचं एक शीत, आणि ते समोर बसलेल्या फादर फेबियनच्या चष्म्यावर जाऊन बसलं. फादर भला माणूस. त्यांना वाटलं मी शिंकले. त्यांनी आशीर्वाद दिला आणि चष्मा पुसला. मी पुन्हा फुंकलं. त्यांनी पुन्हा आशीर्वाद दिला. त्यानंतर मात्र त्यांनी चष्मा काढून झग्याच्या खिशात ठेवला आणि बिनचष्म्याने जेवले, त्यामुळे त्यांनी लोणच्याचा चमचा खिरीत घातला, आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटलं.

घरी येऊन मी खिडकीपाशी आरसा धरला आणि ओठ वर करून पाहिलं. (या वयात आरशात इतक्या जवळून कोणी पाहू नये.) खिंड नव्हती. दोन्ही दात एकमेकांना खेटून उभे, जसे काही जन्मापासून शेजारी. आणि खालचे तर विचारूच नकोस. चर्चच्या बाकावर पाचजणींच्या जागेत सहावी जाडी बाई शिरली की बाकीच्या कशा होतात, एकीचा खांदा पुढे, दुसरीचा मागे, तिसरी अर्धी हवेत, तसे माझे खालचे समोरचे दात. कॉन्व्हेंटमध्ये दातांच्या तपासणीत जिला पहिलं बक्षीस म्हणून होली पिक्चर मिळालं होतं, तिचे हे दात! आणि हे सगळं कधी झालं? घरमालक भाडेकरूला हलवतो तरी नोटीस देतो. मला कोणी काही बोललं नाही. सेबेस्टियन तर रोज माझ्यासमोर बसून जेवतो. त्याला विचारलं तर म्हणाला, तुझं तोंड बंद असताना मी कधी पाहिलंय, आणि उघडं असतं तेव्हा मी खाली बघतो. मग त्याने स्वतःची कवळी ग्लासातून काढून मला दाखवली. "माझे बघ," म्हणाला, "जिथे ठेवतो तिथेच सापडतात."

मी आधी घरगुती उपाय केला. खराट्याची एक हीर तासली आणि पाचरीसारखी दोन दातांमध्ये बसवली. (धुतलेल्या खराट्याची. असा चेहरा करू नकोस.) विचार असा, की सुतार लाकूड फाकवतो तसे दात फाकतील. पाचर बसली. इतकी छान बसली की निघेना, आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरी रोझरीची पाळी. पन्नास वेळा नमो मारिया मी अर्ध्या उघड्या तोंडाने म्हटलं, डोळ्यांतून घळाघळा पाणी, लाळ रुमालात. बायकांना वाटलं मला पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला. दोघीजणी जाताना माझ्या पाया पडल्या. त्या फाटकाबाहेर गेल्यावर सेबेस्टियनने पक्कड आणली.

तोवर तिकडे कॅथरीनने आपलं काम सुरू केलं होतं. ग्लोरीबायने म्हातारपणी गुपचूप तार लावून दात सरळ करून घेतले आणि घराण्याची खिंड बुजवली, असं तिने आळीभर सांगितलं. कशासाठी, तर फोटो चांगले यावेत म्हणून! हे कोण बोलतं? जिने जेनिफरच्या तोंडात चौदाव्या वर्षी तारा घालून पोरीची सुंदर खिंड मिटवली, ती! मी पाचूबंदरला मासळी आणायला गेले तर माझी नेहमीची पापलेटवालीसुद्धा सगळ्या बाजारासमोर विचारते, "काय गो बाय, दात बांधून घेतलंस म्हनं? नवीन मानूस बगतेस काय?" मी म्हटलं, जुना घेऊन जा आणि बदल्यात एक सुरमई दे. तिने टोपलीत नजर टाकली आणि म्हणाली, "नको गो, माझ्याकडं बरफ कमी हाय."

शेवटी मी डॉक्टरकडे गेले. मुद्दाम लांब, आचोळ्याला, रुळांच्या पलीकडे, जिथे आपल्या गावचं कोणी चुकूनही जात नाही. तोंडाला मास्क, डोळ्यांना काळा चष्मा, डोक्यावरून ओढणी. (बँक लुटायला निघालेली पेन्शनर दिसत असणार.) पायऱ्या चढले, काचेचं दार ढकललं, आणि टेबलामागून आवाज आला, "अय्या, ग्लोरिया आंटी! तार घट्ट करायला आलात?" आमच्या शेजारच्या फुलवाल्यांची सून नताशा. तिथे नोकरीला लागली आहे. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. निर्मळमध्ये ज्या बातमीचा उपयोग होईल ती कधी सांगत नाहीत.

डॉक्टरचं नाव उन्नती. आपल्या जेनिफरएवढी पोर, आईवडील साताऱ्याकडचे, स्वच्छ मराठी बोलते. मला पहिल्या वाक्यात आजी म्हणाली, तिथेच मी तिचे दहा गुण कापले.

"बोला आजी, काय त्रास होतोय?"

"माझ्या दातांतली फट गेली आहे. ती मला परत हवी आहे."

"म्हणजे बुजवायची आहे?"

"बुजली आहे. उघडायची आहे."

तिने पेन खाली ठेवलं. तिच्या भिंतीवर फोटो लावले आहेत, जोडीजोडीने, एकाखाली 'आधी' आणि दुसऱ्याखाली 'नंतर'. मी बोट दाखवून सांगितलं, की बाळ, ही सगळी माणसं इकडून तिकडे गेली, मला तिकडून इकडे यायचं आहे. आणि हेही सांगितलं की चार वर्षांपूर्वी एका डॉक्टरने माझी दाढ भरली होती, त्यानेच मागून ढकलून हे केलं आहे, त्याच्यावर कुठे तक्रार करायची? तिने मला खुर्चीत आडवं केलं, तोंडात छोटा आरसा घातला, बराच वेळ हं-हं केलं आणि म्हणाली, "कोणी ढकलले नाहीत, आजी. ते स्वतःच चालत आले."

मग तिने मला प्लास्टरचे दोन जबडे दाखवले, एक तरुण आणि एक म्हातारा, आणि मी आयुष्यात प्रथमच एका प्लास्टरच्या म्हाताऱ्याशी सहानुभूतीने वागले. तिचं म्हणणं असं, की दात हाडात सिमेंट लावून बसवलेले नसतात. ते जन्मभर सरकत राहतात, नखभर, केसभर, मागून पुढे, मधल्या रेषेकडे. जबड्याची कमान तरुणपणी ऐसपैस असते. वय वाढतं तशी ती आखूड होत जाते, अरुंद होत जाते. दात तेवढेच आणि जागा कमी, म्हणून खालचे समोरचे एकमेकांच्या अंगावर चढतात आणि वरच्यांत फट असली तर ती कधी कधी मिटून जाते. मी म्हटलं, अक्कलदाढ ढकलत असेल. तर तोही गैरसमज निघाला; ज्यांना अक्कलदाढ नाही त्यांचेही सरकतात. (माझी टेलिफोन खात्यात असतानाच काढली होती. अक्कल मी ठेवून घेतली.) शिवाय दातांच्या कडा झिजतात, रंग पिवळटतो, आणि वरचा ओठ वयाबरोबर खाली उतरतो, त्यामुळे बोलताना वरचे दात दिसेनासे होतात आणि खालचे दिसायला लागतात. म्हणजे बघ, तरुणपणी आपण जगाला सरळ दात दाखवतो आणि ते वाकडे झाले की मग नेमके वाकडे दाखवतो. ही कोणाची योजना आहे हे मी फादर फेबियनना विचारणार आहे, त्यांनी चष्मा परत लावला की.

"हा काही आजार नाही, आजी. नॉर्मल आहे," असं ती शेवटी म्हणाली. नॉर्मल या शब्दाचा मला राग आहे. गुडघे कुरकुरतात, नॉर्मल. नाव आठवत नाही, नॉर्मल. सेबेस्टियनला मी काम सांगितलेलं ऐकू येत नाही आणि जेवण वाढल्याचं ऐकू येतं, तेही नॉर्मल. डॉक्टरने एकदा तरी म्हणावं, की बाई, हे फार चुकीचं झालं तुमच्यावर. मी विचारलं, कानशीने थोडं घासून देतेस का? म्हणाली, मी सुतार नाही. तार लावून फट उघडता येईल का? येईल, हाड आणि हिरड्या तपासून, पण वर्ष-दीड वर्ष धरून चला. मी खुर्चीतून उठून बसले आणि ओरडले, अगं, लग्न जानेवारीत आहे!

"तुमचं?" तिने विचारलं.

दार उघडं होतं आणि दाराबाहेर नताशा होती. मी रिक्षा करून घरी पोचले तेव्हा ओट्यावर दोघीजणी बसून सेबेस्टियनचं सांत्वन करत होत्या. तो केळ्याचे वेफर्स खात ऐकून घेत होता. म्हणाला, मला कोणी वाईट सांगितलं नाही, फक्त जेवणाचं काय ते ठरवा.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुला लिहिलंच नसतं. पण कॅथरीनने लग्नाची व्यवस्था ज्याला दिली आहे तो नालासोपाऱ्याचा संग्राम नावाचा मुलगा माहेरच्या घरी आला. काळा शर्ट, कानात काहीतरी अडकवलेलं, बोलताना बघतो भलतीकडेच. कॅथरीनने मला मुद्दाम बोलावून घेतलं. तो म्हणाला, "आंटी, टेन्शन नाय लेने का. शिट्टीचा साऊंड मी देतो ना, एकदम रिअल, स्पीकरवर, इको मारून." आणि त्याने मोबाइलवर नमुना वाजवून दाखवला. फर्डिनंड, ती कुकरची होती. मी विचारलं, आमची नवरी किती शिट्ट्यांत शिजते? तो हसला नाही. लिहून घेतलं त्याने काहीतरी. मग कॅथरीन गोड आवाजात म्हणाली, की नणंदबाईंचा मान आम्ही ठेवूच, त्यांना कळशी धरायला देऊ. कळशी! आजोबांच्या विहिरीवर, बाबांच्या काठावर, मी कळशी धरून उभी राहणार आणि विहिरीतून कुकर बोलणार.

मी काही न बोलता बागेतून घरी आले. (हो, मी. काही न बोलता. त्यावरूनच ओळख.) मागोमाग जेनिफर आली. ओट्यावर बसली, पाय हलवत, लहानपणी बसायची तशी. म्हणाली, "आत्या, कुकर लावला ना, तर मी ते पाणी अंगावर घेणार नाही. शॉवर घेईन आणि तशीच चर्चला जाईन." मी म्हटलं, तुझ्या आईला सांग. तर ती म्हणाली, पप्पांना स्वतःला येत नव्हती, पण विहिरीवरून शिट्टी आली की ते हातातलं काम ठेवून उभे राहायचे. म्हणायचे, ही ऐकली की आपल्या घरातले सगळे अजून इथेच आहेत असं वाटतं. मग तिने स्वतःच ओठ पुढे करून फुंकून पाहिलं. तारांनी मिटवलेल्या खिंडीतून मांजरीला बोलावल्यासारखा आवाज आला. मांजरसुद्धा आली नाही. तिचे डोळे भरले, माझ्या डोळ्यांत कचरा गेला, आणि मी तिला सांगून टाकलं, की शिट्टी होणार. तू मांडवात बस आणि कान उघडे ठेव. कशी होणार ते विचारू नकोस.

तर अशी सगळी हकीकत. ही केवळ तुझ्या माहितीसाठी लिहिली आहे. तुझ्याकडून माझी काही अपेक्षा नाही. कधी नव्हती, त्यामुळे निराशाही झाली नाही. लग्नपत्रिका कॅथरीन पाठवील तेव्हा पाठवील. मीराला सांग, गोड कमी कर. नातवंडांचे पापे घे आणि त्यांच्या तोंडात कोणी तारा घालायला निघालं तर आधी मला फोन कर. येशू आणि मारिया तुझ्या गुडघ्यांना बळ देवोत.

तुझी मोठी (आणि मोठीच राहणारी) बहीण,
ग्लोरीबाय

ता. क. मीराने तुझ्या वाढदिवसाचा फोटो टाकला होता, त्यात तू केक कापताना हसतो आहेस. मी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. तुझी खिंड आहे. नुसती आहे नव्हे, रुंदावली आहे. त्यातून आता बैलगाडी जाईल. मी तो फोटो डॉ. उन्नतीला दाखवला, निव्वळ कुतूहल म्हणून. ती गंभीर झाली. म्हणाली, सगळ्यांचे दात जवळ येत नाहीत, काहींच्या हिरड्या खंगतात, आतलं हाड उतरतं आणि दात पांगायला लागतात. या गृहस्थांना हिरड्या लगेच तपासून घ्यायला सांगा. तेव्हा तपासून घे. औषधं दिली तर खा, साफ करून दिलं तर करून घे. पण फट बुजवायची गोष्ट काढली तर जानेवारीपर्यंत तोंड उघडू नकोस.

ता. क. दुसरा. विहिरीच्या मागे राजेळी केळीची रांग अजून आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तू त्या रांगेमागे उभं राहायचंस. मी काठावर उभी असेन, मान वर, ओठ पुढे. मी डाव्या हाताने लुगड्याचा पदर सारखा केला की तू वाजवायची. एकच, लांब. लोकांनी मला पाहायचं आणि तुला ऐकायचं, यात कोणाचं काही बिघडत नाही. टेलिफोन खात्यात माझी सगळी हयात एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानाला जोडण्यात गेली. पोट आत घेऊन उभा राहा, केळीचं खोड तुझ्याएवढं जाड नसतं. आणि यालाही उपकार समजू नकोस.

ता. क. तिसरा. पत्र मिळालं की फोन कर. बोलू नकोस, नुसती वाजव, मी ओळखेन. रायनच्या लग्नाचा विषय काढलास तर फोन ठेवीन. या वेळी मात्र जेवल्याशिवाय जायचं नाही. तुझ्या वाटचं मटण मी सेबेस्टियनला कळू न देता वेगळं काढून ठेवणार आहे.

ता. क. शेवटचा. तो मटणाचा भाग सेबेस्टियनला कळला, कारण पाकीट चिकटवायला त्याच्याकडे दिलं आणि त्याने पत्र वाचलं. म्हणतो, एवढी पानं भरायची काय गरज होती, 'काठावर तू उभा राहा, शिट्टी तुझीही आहे' एवढंच लिहायचं. मी म्हटलं, आधी दात घाल, मग बोल. त्याने दात घातले आणि पुन्हा तेच म्हणाला. तू ये तर खरा. केळीमागे कोणी उभं राहायचं ते मग बघू.